मिरचीचं जेवण

आपण भाजीत मिरची घालतो. न्यू मेक्सिकोत मिरचीत बाकीचं सगळं घालतात. एवढा एक फरक मनात पक्का बसला तर या पुस्तकातल्या निम्म्या पाककृती न वाचताही जमतील. तो बसला नाही तर सगळी मापं तंतोतंत घेऊनही पातेल्यात शेवटी आपल्याच वळणाचा रस्सा तयार होईल. तो चांगलाच लागेल, पण तो तिथला नसेल. म्हणून पाककृतींच्या आधी ही लांबलेली प्रस्तावना.

मराठी स्वयंपाकात मिरची बहुतेक वेळा तिखटपणासाठी येते. फोडणीत दोन, वाटणात चार, वरून लाल तिखट चमचाभर. पदार्थाची चव कांदा-खोबऱ्याची, गोडा मसाल्याची, आमसुलाची, चिंचगुळाची. मिरचीनं तिला धार आणायची. ठेचा हा अपवाद, पण ठेचा आपण ताटाच्या डाव्या बाजूला बोटभर वाढून घेतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या न्यू मेक्सिको राज्यात माणशी वाटीभर मिरची सहज पोटात जाते. भाजून, सोलून, चिरून शिजवली की हिरवा रस्सा. वाळवून, भिजवून, वाटून, गाळून शिजवली की लाल. डुकराचं मांस, बटाटे, अंडी, मक्याच्या पोळ्या, पिंटो राजमा हे सगळं त्या रश्शात शिजतं किंवा त्याच्याखाली झाकलं जातं.

तिथल्या खाणावळीत बसलं की पहिला प्रश्न येतो, लाल की हिरवी? राज्याच्या विधिमंडळानं हा राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून मंजूर केला आहे. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. ताटाच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला हिरवा रस्सा येतो. १९६५ साली मिरची आणि राजमा या दोघांना राज्याच्या भाज्या ठरवण्यात आलं, आणि २०२३ साली भाजल्या जाणाऱ्या हिरव्या मिरचीच्या वासाला राज्याच्या अधिकृत सुगंधाचा मान मिळाला. बाहेरच्यांना ही हौस वाटते. अल्बुकर्कीत राहू लागल्यापासून मला हे ठराव अगदी रास्त वाटतात, कारण ऑगस्टच्या अखेरीस या शहरात दुसरा कुठला वास नाकापर्यंत पोचतच नाही.

मिरची मूळची मेक्सिकोची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. त्याच शतकाच्या शेवटी, १५९८ मध्ये, हुआन दे ओन्याते स्पॅनिश वसाहतवाल्यांचा तांडा घेऊन मेक्सिकोतून उत्तरेकडे निघाला आणि रिओ ग्रांदे नदीच्या वरच्या खोऱ्यात पोचला. तिथे प्वेब्लो लोकांची गावं कित्येक शतकं नांदत होती. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची शेती. स्पॅनिशांबरोबर गहू, मेंढ्या, डुकरं आली, आणि मेक्सिकोची मिरची त्या कोरड्या, उंच, थंडीत गोठणाऱ्या मुलखात रुजली. आज ज्याला न्यू मेक्सिकोचं जेवण म्हणतात त्याचा पाया या भेटीत आहे. ती भेट गोडीगुलाबीची नव्हती. प्वेब्लोंवर वेठ लादली गेली, त्यांचे देव मोडले गेले, आणि १६८० मध्ये त्यांनी उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षं हाकलून लावलं. मिरची मात्र दोन्हीकडच्या चुलीवर राहिली. प्वेब्लो घरांतल्या मेजवान्यांना आजही लाल मिरचीचा रस्सा लागतोच.

गोव्याशी असलेला धागा इथे थोडा ओढून बघण्यासारखा आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये मांस टिकवण्यासाठी ते व्हिनेगर किंवा वाइन, लसूण आणि मिठात मुरवायची जुनी रीत होती. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली, तिथे तिला मिरची आणि माडाचं व्हिनेगर मिळालं, आणि विंदालू तयार झालं. स्पॅनिशांबरोबर ती मेक्सिकोमार्गे रिओ ग्रांदेच्या काठी गेली, तिथेही तिला मिरची मिळाली, आणि कार्ने आदोवादा तयार झालं. हे म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे लाल मिरचीच्या दाट वाटणात रात्रभर मुरवून मंद आचेवर तीन-चार तास शिजवायचे. दोन्ही पातेली शेजारी ठेवली तर रंग जवळपास एकच. पण विंदालूत मिरी, दालचिनी, लवंग, जिरं आहे. आदोवादात मिरची, लसूण, ओरेगॅनो आणि मीठ, फार तर व्हिनेगरचा एखादा शिंतोडा.

याचं कारण मला रस्त्यांच्या नकाशात दिसतं. गोवा मसाल्याच्या समुद्री व्यापाराच्या ऐन वाटेवर होतं. न्यू मेक्सिकोची वसाहत मेक्सिको शहरातून निघणाऱ्या, सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीच्या गाडीवाटेच्या शेवटच्या टोकाला होती, आणि सतराव्या शतकात सामानाचा मोठा तांडा साधारण तीन वर्षांतून एकदा येई. लवंग-दालचिनी ही तिथे चैन. तेव्हा रंग, दाटपणा, किंचित गोडी, किंचित कडवटपणा आणि तिखट हे सगळं शेतात पिकणाऱ्या एका फळातून काढणं भाग होतं. तसं काढता काढता तिथल्या बायकांना मिरचीच्या आत काय काय आहे ते कळत गेलं. पुढे रेल्वे आली, दुकानं आली, जगभरचे मसाले फळ्यांवर मांडले गेले, तरी लाल रश्शात त्यांनी ते येऊ दिले नाहीत. मला या स्वयंपाकाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

आता लाल आणि हिरवी. परदेशी पाहुण्यांना, आणि कधी कधी आपल्याही लोकांना, या दोन वेगळ्या जाती वाटतात. झाड एकच असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळ पूर्ण वाढलेलं पण हिरवं असताना तोडलं की हिरवी. तसंच झाडावर ठेवलं की हरितद्रव्य ओसरतं, तांबडी रंगद्रव्यं वर येतात, साखर वाढते, आणि ऑक्टोबरात लाल मिरची हाती लागते. पण चवीच्या दृष्टीनं ही दोन वेगळी फळंच समजावीत. हिरवीची चव भाजण्यातून येते: धूर, गवताचा कोवळा वास, थोडा तुरटपणा, आणि मांसल गर. लालची चव वाळण्यातून येते: मनुकांसारखी गोडी, मातीचा वास, शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडूपणा. आपल्याकडेही ओली आणि सुकी मिरची एकमेकींच्या जागी वापरत नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

साठवणीचा मुद्दा मात्र सांगायला हवा. घरात फ्रीझर येण्याआधी वर्षभराची मिरची म्हणजे लाल मिरची. माजघराच्या तुळयांना आणि ओसरीच्या वाशांना तिच्या लांबलचक माळा टांगत. त्यांना रिस्त्रा म्हणतात. आज पर्यटक शोभेसाठी नेतात, पण ती मुळात कोठी होती. एकेक मिरची माळेतून तोडत वसंतापर्यंत पोचायचं. हिरवी मिरची थोड्या आठवड्यांची. ती टिकवायची तर भाजून, सोलून, उन्हात वाळवावी लागे. या प्रकाराला चिले पासादो म्हणतात, आणि तो करणारी घरं आता कमी उरली आहेत. डबाबंदीचे कारखाने आले, मग घरोघरी डीप फ्रीझर आले, आणि हिरवी मिरची बारमाही झाली. जुन्या घरांतल्या आजी लाल रश्शाला ‘खरा’ म्हणतात आणि नातवंडं हिरव्याचा आग्रह धरतात, यामागे चवीपेक्षा विजेचा भाग मोठा आहे असं माझं मत आहे.

या मिरचीचा आकारही कुणीतरी विचार करून घडवला आहे. फाबियान गार्सिया १८७१ मध्ये मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतात जन्मले. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं त्यांना उत्तरेला आणून वाढवलं. लास क्रूसेस इथल्या कृषी महाविद्यालयाच्या, म्हणजे आजच्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या, १८९४ च्या पहिल्या पदवीधर तुकडीत ते होते. पुढे त्याच संस्थेत त्यांनी स्थानिक मिरच्यांचे वाण गोळा करून निवड आणि संकर सुरू केला. तोवर प्रत्येक शेतातली मिरची वेगळी असे. एकाच झाडावरची दोन फळं सारखी नसत, आणि कुठली किती जाळेल ते खाल्ल्यावरच कळे. गार्सियांना एकसारखी, कमी तिखट, जाड गराची आणि खांद्याला उतरती मिरची हवी होती. खांदा उतरता का? देठाजवळ खळगा असला की तिथली साल निघत नाही. सोलणाऱ्या हातांचा हा विचार एका शास्त्रज्ञानं केला. १९२१ मध्ये त्यांनी ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा वाण दिला. आज न्यू मेक्सिकोच्या म्हणून ज्या लांबट मिरच्या जगभर ओळखल्या जातात त्यांचा पाया या वाणाने घातला. १९४८ मध्ये ते वारले तेव्हा आपली मिळकत त्यांनी त्याच महाविद्यालयाला, गरीब स्पॅनिशभाषक मुलांच्या राहण्याच्या सोयीसाठी, ठेवली.

त्यांच्यानंतरचं मोठं नाव रॉय नाकायामा. लास क्रूसेसच्याच परगण्यातल्या जपानी शेतकरी कुटुंबातला मुलगा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढताना जर्मनांच्या कैदेत पडलेला. १९७५ मध्ये त्यांनी ‘न्यूमेक्स बिग जिम’ हा वाण दिला. त्याची फळं वीतभर तर सहज, कधी फूटभरही लांब होतात आणि पोटात चीज भरून तळायला, म्हणजे चिले रेयेनोसाठी, यासारखी मिरची नाही. याच विद्यापीठात १९९२ पासून मिरचीला वाहिलेली एक संशोधन संस्था आहे, चिले पेपर इन्स्टिट्यूट. आसाम-नागालँडकडची भूत जोलोकिया १० लाख स्कोव्हिलच्या (हे तिखट मोजायचं एकक) पुढे जाते हे याच विद्यापीठातल्या प्रयोगांनी सिद्ध झालं, आणि २००७ मध्ये ती जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदली गेली. स्वतःच्या सौम्य मिरचीवर शतकभर काम करणाऱ्यांनी आपल्या ईशान्येच्या मिरचीचं तिखट मोजलं, हे मला फार आवडतं.

राज्याच्या दक्षिणेला हॅच नावाचं छोटं गाव आहे. एलिफंट ब्यूट धरण १९१६ मध्ये पुरं झालं आणि त्याच्या पाण्यावर हॅच आणि मेसिया ही खोरी बागायती झाली. ‘हॅच चिले’ हे कुठल्याही वाणाचं नाव नाही, ते खोऱ्याचं नाव आहे. त्या खोऱ्यात बिग जिम पिकते, सांडिया पिकते, इतरही पिकतात, आणि तिखटपणा वाणानुसार, पाण्यानुसार, उन्हाच्या कडाक्यानुसार बदलतो. नाव चालतं म्हणून कुठलीही मिरची त्या नावानं विकली जाऊ लागली, तेव्हा २०११ मध्ये राज्यानं कायदा केला की बाहेर पिकलेली मिरची न्यू मेक्सिकोची म्हणून विकायची नाही. कायद्यानं नाव राखलं, शेत राखणं अवघड आहे. १९९२ च्या सुमारास राज्यात ३४ हजार एकरांवर मिरची होती. आता १० हजार एकरही भरत नाही. नदीला पाणी कमी, तोडणीला माणसं कमी. लाल मिरची यंत्रानं काढता येते. हिरवी यंत्रानं काढली तर फुटते, आणि तिचं देठ यंत्रानं स्वच्छ काढणं हा तिथल्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षं पुरून उरलेला प्रश्न आहे. मेक्सिकोतून येणारी स्वस्त मिरची आहेच. आपल्या हातातल्या पाकिटावर कुठलं शेत आहे हे वाचायची सवय लावून घ्यावी अशी माझी विनंती आहे.

उत्तरेला, सांता फेच्या पलीकडे, चिमायो. तिथे विद्यापीठाचा वाण नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरचंच बी धरून ठेवलेली, बुटकी, वाकडीतिकडी, पातळ सालीची मिरची आहे. तिथला उन्हाळा लहान, म्हणून ती लवकर लाल होते. पाणी असेकियांमधून येतं. असेकिया म्हणजे गावाच्या मालकीचा पाट. त्याची वसंतात सगळ्यांनी मिळून सफाई करायची, आणि पाळी कुणाची ते गावानं निवडलेला माणूस ठरवतो. १८१६ सालचं तिथलं छोटं मातीचं देवालय प्रसिद्ध आहे, गुड फ्रायडेला हजारो लोक पायी चालत तिथे येतात. चिमायोच्या मिरचीची पूड नारिंगी झाक असलेली तांबडी, गोडसर आणि महाग. मिळाली तर ती कुठल्याही मिश्रणात घालू नये. पाणी, लसूण, मीठ, पूड, बस.

आता पातेल्याजवळ येऊ.

हिरवी मिरची भाजणं हा तिथला ऋतू आहे. वाणसामानाच्या दुकानांबाहेर, पेट्रोल पंपांच्या कडेला, तारेच्या जाळीची आडवी पिंपं ठेवलेली असतात. खाली गॅसच्या ज्वाळा, आत गोणभर मिरची, आणि एक माणूस पिंप फिरवत असतो. साल फडफडून काळी पडते, उडून जाते, आणि गरम मिरच्या पिशवीत बांधून हातात येतात. घरी पोचेपर्यंत त्या आपल्याच वाफेत घामेजतात, साल सुटते, आणि मग घरातले सगळे टेबलाभोवती बसून सोलतात. गणपतीचे दिवस बहुतेक वर्षी याच सुमारास येतात. इथल्या मराठी घरांत त्यामुळे एका ओट्यावर मोदकांची उकड आणि दुसऱ्यावर मिरच्यांचा ढीग असतो. सोललेल्या मिरच्या छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. माझ्या शेजारच्या आजी सालीसकटच ठेवतात, कारण वितळली की साल हातासरशी निघते आणि चवही जास्त राहते. मीही आता तसंच करते.

घरी गॅसच्या ज्योतीवर भाजायची तर आपण वांगं भाजतो तीच रीत. फरक एवढाच की वांगं आतपर्यंत लिबलिबीत व्हावं लागतं, मिरचीचा गर तसा होता कामा नये. आच मोठी, वेळ थोडा. साल करपावी आणि गर जेमतेम शिजावा. मग झाकून पंधरा मिनिटं. सोलताना नळाखाली धरू नका, भाजलेपणाचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. बोटं ओली करून पुसत जावं. काळे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. हातमोजे घालावेत, नसतील तर आधी हाताला तेल चोळावं, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. तोंड भाजलं तर पाण्याऐवजी दूध किंवा ताक घ्यायचं तेही याचसाठी. तिखट उतरवायला तिथे मधाबरोबर सोपापियाही खातात, ती पुरीसारखी फुगलेली तळलेली पोळी. तिखट बियांमध्ये असतं हा समज सोडून द्यावा. ते देठाकडून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या शिरांमध्ये असतं. बियांना ते लागलेलं असतं इतकंच. तिखट कमी करायचं तर शिरा काढा.

लाल रश्शात घाई चालत नाही. सुक्या मिरच्यांचे देठ आणि बिया काढून, धुऊन, कोरड्या तव्यावर जेमतेम शेकायच्या. वास सुटला की खाली. काळा डाग पडला तर ती मिरची बाजूला काढावी, एका जळक्या मिरचीचा कडूपणा पातेलंभर पसरतो. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, लसणाबरोबर अगदी बारीक वाटून, गाळणीतून दाबून काढायचं. गाळणं टाळू नका. साल पचत नाही आणि घशाला चरबरते. मग थोड्या तेलावर हा गर मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवायचा, आणि शेवटी मीठ, ओरेगॅनो.

पूड वापरणार असाल तर फोडणीची सवय आवरा. आपण तापल्या तेलात तिखट घालतो आणि लगेच पाणी ओततो. चमचाभर असतं म्हणून खपतं. इथे अर्धी वाटी पूड असते आणि ती क्षणात करपते. तेलात थोडं पीठ भाजायचं, पातेलं खाली उतरवायचं, मग पूड, मग थंड पाणी, मग पुन्हा आचेवर. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: तिथल्या साध्या दुकानांत ‘चिली पावडर’ म्हणून मिळते ती जिरं, लसूण, ओरेगॅनो मिसळलेली, टेक्ससच्या मांसाच्या रश्शासाठी केलेली मिश्र पूड असते. ती इथे उपयोगाची नाही. टेक्ससचा तो पदार्थ आपल्या जागी उत्तम आहे, पण त्याचा या स्वयंपाकाशी संबंध लांबचा. जिऱ्याबद्दल तिथेही वाद आहेत, काही घरांत चिमूटभर पडतं. माझ्या मते मराठी माणसानं निदान पहिलं वर्षभर ते घालू नये. जिरं पडलं की आपली जीभ ओळखीच्या घरी जाऊन बसते आणि मिरचीकडे लक्ष देत नाही.

हे सगळं कागदावर उतरवणाऱ्या दोन बायकांचं ऋण इथे मांडायला हवं. फाबिओला काबेसा दे बाका या गृहविज्ञानाच्या कार्यकर्त्या. कृषी विस्तार सेवेत त्यांनी उत्तरेच्या खेड्यांत आणि प्वेब्लोंच्या गावांत, एक पाय अपघातात गमावल्यानंतरही, वर्षानुवर्षं फिरून काम केलं. बायकांना डबाबंद करणं शिकवलं आणि त्यांच्याकडून पाककृती घेतल्या. ‘हिस्टॉरिक कुकरी’ ही त्यांची पुस्तिका त्यातून झाली. हाताच्या अंदाजानं होणाऱ्या स्वयंपाकाला तिनं पहिल्यांदा वाटी-चमच्याची मापं दिली. दुसऱ्या क्लेओफास हारामियो, ज्यांनी १९३९ मध्ये घरच्या पाककृतींचं पुस्तक काढलं. बाहेरच्यांच्या लेखणीतून आपलं जेवण चुकीचं छापलं जातंय याची त्यांना खंत होती. दोघीही जुन्या जमीनदार घराण्यांतल्या, आणि त्यांच्या लिखाणातला भूतकाळ, शेतावर राबणाऱ्यांनी पाहिला असता त्यापेक्षा, उजळ आहे. हे लक्षात ठेवूनही त्या वाचाव्यात. त्यांच्यामुळेच मापं टिकली.

भारतात हे पदार्थ करणाऱ्यांना न्यू मेक्सिकोची मिरची मिळणार नाही. लालसाठी ब्याडगी घ्यावी. रंग भरपूर, तिखट कमी, आणि वास गोडसर आहे. तिचा गर पातळ, बिया जास्त, म्हणून माप दीडपट धरलं आहे. लवंगी किंवा तेजा वाटीभर घेऊन कुणी हा रस्सा करू नये, ते जेवण होणार नाही. हिरवीसाठी भज्यांची मोठी भावनगरी मिरची भाजून, सोलून घ्यावी. तिखट हवं असेल तर दोन-चार नेहमीच्या हिरव्या मिरच्या त्याच ज्योतीवर भाजून मिसळाव्यात. पिंटोच्या जागी चित्रा राजमा अगदी जवळचा आहे. डुकराचं मांस नको असेल तर बोकडाच्या खांद्याचं घ्यावं, कोंबडी मात्र एवढा वेळ शिजायला टिकत नाही. पोसोले या मक्याच्या पदार्थासाठी दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून त्यांची साल काढावी लागते. त्याची कृती सविस्तर दिली आहे, चुना खायचाच घ्यावा.

शाकाहारी घरांनी निराश होऊ नये. कोवळा भोपळा, मक्याचे दाणे आणि हिरवी मिरची यांची कालाबासितास ही भाजी रोजच्या पोळीबरोबर चालते. उपवासाच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधी, तिथे केलितेस खातात: कोवळा पाला कांद्यावर परतून त्यात शिजलेला राजमा आणि सुक्या लाल मिरचीचे तुकडे. हा पाला म्हणजे आपल्या चाकवताचाच भाऊबंद. वेर्दोलागास नावाची दुसरी रानभाजी म्हणजे तर आपली घोळच. बाजारात चाकवत दिसला की हा पदार्थ करावा. ताक-बेसनाच्या पातळ भाजीची ओढ मलाही आहे, पण हेही चाकवताला शोभतं.

वेळांविषयी थोडं. सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. तिथे पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, आणि राजमा, पोसोले तासन्‌तास शिजत राहतात. पुस्तकातल्या वेळा माझ्या अल्बुकर्कीच्या स्वयंपाकघरातल्या आहेत, आणि हे शहरही ५,००० फुटांवर आहे. मुंबई-पुण्यात त्याहून लवकर शिजेल. कुकरच्या शिट्ट्या जिथे चालतात तिथे दिल्या आहेत. कार्ने आदोवादाला त्या दिलेल्या नाहीत, कारण तिथे मिरची आटत, मांसाला चिकटत जायला हवी आणि बंद कुकरात ते होत नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर साध्या लाल रश्शापासून. एक दिवस फक्त तो करा, दुसरं काही नको. मक्याच्या दोन पोळ्या किंवा पातळ भाकरीचे तुकडे ताटात एकावर एक ठेवा, मध्ये किसलेलं चीज आणि बारीक चिरलेला कांदा, वरून रस्सा सढळ हातानं, आणि त्यावर तेलात फोडून तळलेलं अंडं. उत्तर न्यू मेक्सिकोत एन्चिलाडा अशाच, थर लावून, करतात. मीठ बरोबर आहे का, कडू किती आहे, गोडी कुठे लागते, हे चाखून पानाच्या समासात लिहून ठेवा. पुढच्या वेळी मिरची कमी शेकायची की जास्त ते त्यावरून ठरेल. आदोवादा रविवारसाठी ठेवा, आणि त्याच्या मिरच्या शनिवारी दुपारीच भिजत घाला.